चेक बाउन्सच्या केसमध्ये आरोपी तारखेला येत नाही, तरी न्यायाधीश अटक वॉरंट नाकारू शकतात का?

हो, नाकारू शकतात, आणि पुष्कळदा नाकारायलाच हवं. 'कोर्ट आरोपीला पाठीशी घालतं' असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहितोय. अशाच एका केसमध्ये माझे वडील आरोपी होते.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. आप्पांनी केळीसाठी ठिबकचा संच उधारीवर घेतला, दुकानदाराने सहीचा कोरा चेक ठेवून घेतला. ऐन काढणीच्या तोंडावर वादळात बाग आडवी झाली आणि त्याने चेक बँकेत टाकला. आम्ही तेव्हा मळ्यात राहायचो. समन्स गावातल्या जुन्या घरी गेलं, 'घर बंद' शेरा घेऊन परत आलं. पुढच्याच तारखेला समोरच्या वकिलांनी थेट अजामीनपात्र वॉरंट मागितलं, म्हणजे पोलिसांनी पकडून कोर्टापुढेच न्यायचं, जामिनावर सोडायचं नाही. अर्ज नामंजूर: समन्स बजावल्याचा पुरावा नाही, नव्या पत्त्यावर पुन्हा काढा. आम्हाला हे नंतर रोजनाम्यातून, म्हणजे कोर्टाच्या तारखेवारी नोंदींतून कळलं. समन्स हातात पडल्यावर आप्पा स्वतः कोर्टात गेले, जामीन दिला, लोकअदालतीत हप्ते ठरले आणि सगळे पैसे फिटले. वॉरंट निघालं असतं तर न मिळालेल्या कागदापायी म्हाताऱ्या माणसाला पोलिसांनी गावादेखत उचलून नेलं असतं.

माझे काका कृषी केंद्र चालवतात, त्यांचीही उधारी बुडते. ते अजून म्हणतात, "कोर्ट चोरसनंच शे", म्हणजे कोर्ट चोरांचंच आहे. काका, चेक न वटल्याचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे, केस समन्स केस आहे, म्हणजे आरोपीला आधी समन्सनेच बोलवायचं. समन्सऐवजी वॉरंट काढायचं तर न्यायाधीशांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. पूर्वी हे सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ८७ मध्ये होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ९० मध्ये आहे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट (यात जामीन दिला की पोलीस सोडतात), आणि आरोपी मुद्दाम टाळतोय अशी खात्री पटली तरच अजामीनपात्र, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलंय. एकदा निघालेलं वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. उधारी वसूल करायला पोलीस दारात पाठवणं हे कोर्टाचं काम नाही.

तुमचा आरोपी खरंच टाळत असेल तर गोष्ट वेगळी. पोस्टाचा 'घेण्यास नकार' शेरा असेल तर चेकच्याच त्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कलम १४४ खाली कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं. तो लखोटा अर्जाला जोडा आणि आधी जामीनपात्र वॉरंट मागा. मी वकील नाही, हे तारखांना जाऊन जाऊन कळलेलं आहे, तेव्हा अर्ज तुमच्या वकिलांकडूनच करून घ्या.