काळ्या मातीत शोषखड्डा चालेल का?

प्रश्न : आमच्या वस्तीचं सांडपाणी ओढ्यातून थेट कृष्णेत जातं. दारात शोषखड्डा काढावा का?
– एक वाचक भगिनी, मिरज तालुका

उत्तर : ताई, आधी माती बघा. नदीकाठच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही. माझ्या परड्यातला खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबला. मग मोरीच्या पाण्यासाठी कर्दळीचा वाफा केला, खाली खडी, वर वाळू. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. वाफ्याआधी छोटी टाकी हवीच; खरकटं, तेलाची साय तिथंच अडते. दर रविवारी मी ती हातानं काढतो.

संडासाचं पाणी यात नको, त्याला सेप्टिक टँक. त्यातला गाळ २-३ वर्षांनी उपसावा, पण टँकरवाल्याला तो कुठं ओततो हे विचारा. ओढ्यात ओतलेला मी पाहिलाय. पाण्यातला ऑक्सिजन संपला होता, मासे वर येऊन तोंड वासत होते.