वाचकांचे प्रश्न : लिस्पमध्ये आपोआप तयार होणारी फंक्शन्स

प्रश्न : जमिनीच्या मोजमापांचे रूपांतर करणारा एक छोटा प्रोग्राम मी कॉमन लिस्पमध्ये (लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या एका प्रकारात) लिहीत आहे. गुंठ्याचे चौरस फूट, एकराचे गुंठे, हेक्टरचे आर अशी पुष्कळ फंक्शन्स लागतात आणि नाव व गुणक सोडले तर ती सगळी सारखीच आहेत. सध्या मी स्ट्रिंगचे तुकडे जोडून प्रत्येक फंक्शनचा मजकूर तयार करतो, तो ‘रीड-फ्रॉम-स्ट्रिंग’ने वाचतो आणि ‘इव्हॅल’कडे (लिस्पमधील कोड चालवणाऱ्या फंक्शनकडे) देतो. हे चालते, पण ही पद्धत योग्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चालते हे खरे, तरी ही पद्धत सोडावी असेच आम्ही सुचवू. आपल्या प्रश्नात दोन गरजा एकत्र आल्या आहेत : फंक्शन तयार करणे आणि तयार झालेल्या फंक्शनला नाव देणे. या दोन्ही वेगळ्या केल्या की बहुतेक गुंता सुटतो. ‘इव्हॅल’ची गरज तर उरतच नाही. (खालील उदाहरणांत लिस्पचे शब्दही देवनागरीत छापले आहेत, संगणकावर ते अर्थातच मूळ रोमन लिपीत टंकावेत.)

फंक्शन तयार करण्यासाठी दुसरे फंक्शन पुरते :

(डीफन गुणक-फंक्शन (गुणक)
  (लॅम्डा (क्ष) (* क्ष गुणक)))

(गुणक-फंक्शन १०८९) असे म्हटले की एक नवे, निनावी फंक्शन हाती येते आणि १०८९ हा गुणक ते कायम स्वतःजवळ बाळगते. यालाच क्लोजर म्हणतात. ते एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘फनकॉल’ने ५ ही संख्या दिली की ५४४५ हे उत्तर मिळते, म्हणजे ५ गुंठ्यांचे चौरस फूट. गुणकांची यादी फाइलमधून वाचायची असेल किंवा वापरणाऱ्याने प्रोग्राम चालू असताना नवे माप घालायचे असेल, तर हाच मार्ग सर्वांत सरळ आहे : मापाचे नाव आणि त्याचे फंक्शन यांची जोडी हॅश टेबलमध्ये ठेवावी.

येथे एक सावधगिरी बाळगावी. यादीवर ‘डोलिस्ट’ फिरवून त्याच्या आतच थेट ‘लॅम्डा’ लिहिला, तर प्रत्येक फेरीला व्हेरिएबल नवे मिळेल की जुन्यातच नवी किंमत भरली जाईल, हे कॉमन लिस्पच्या प्रमाणकाने ठरवून दिलेले नाही. दुसरा प्रकार घडला तर सगळी फंक्शन्स शेवटी एकाच व्हेरिएबलकडे पाहत राहतात आणि गुंठा, एकर, हेक्टर या सर्वांचे उत्तर एकाच गुणकाने येते. वरीलप्रमाणे वेगळे ‘गुणक-फंक्शन’ ठेवले की प्रत्येक वेळी नवा गुणक बांधला जातो आणि हा धोका राहत नाही.

आता नावाची गरज पाहू. (गुंठा-चौफूट ५) असे थेट लिहिता यावे आणि कंपायलरला ते नाव आधीपासून ठाऊक असावे, असे वाटत असेल, तरच मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी स्वतःच्या जागी कोड तयार करून ठेवणारी व्याख्या, घ्यावा :

(डेफमॅक्रो रूपांतर (नाव गुणक)
  `(डीफन ,नाव (क्ष) (* क्ष ,गुणक)))

येथे उलट्या अवतरणचिन्हानंतरचा (`) भाग जसाच्या तसा राहतो आणि स्वल्पविरामापुढच्या नावाच्या जागी त्याची किंमत येते. यानंतर (रूपांतर गुंठा-चौफूट १०८९) ही एक ओळ लिहिली की कंपायलर तिच्या जागी पूर्ण ‘डीफन’ ठेवतो. आपण स्ट्रिंग जोडून जे साधत होता तेच येथे घडते. फरक एवढाच की मजकुराचा टप्पा लागत नाही. लिस्पचा प्रोग्राम मुळातच यादी असतो आणि याद्या जोडण्या-तोडण्याची सर्व साधने भाषेत आहेत, त्यामुळे यादीचा मजकूर करून तो पुन्हा वाचून यादी करणे म्हणजे विनाकारण फेरा आहे. लिस्पचे निर्माते जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘इव्हॅल’ हे लिस्पमध्येच मांडलेले एक फंक्शन होते आणि स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्रावर प्रत्यक्ष चालवून दाखवले. १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी मॅक्रोची सूचना मांडली. म्हणजे प्रोग्रामने प्रोग्राम लिहिण्याची ही सोय या भाषेत अगदी सुरुवातीपासून रुजलेली आहे.

वरच्या मॅक्रोत मात्र एक खोट आहे. समजा, बाहेर ‘क्ष’ नावाच्याच व्हेरिएबलमध्ये १०८९ ठेवले आणि (रूपांतर गुंठा-चौफूट क्ष) असे लिहिले. विस्तारात (* क्ष क्ष) तयार होते, बाहेरचा ‘क्ष’ आतल्या ‘क्ष’मागे झाकला जातो आणि ५ गुंठ्यांचे उत्तर २५ चौरस फूट येते. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम थांबत नाही. म्हणूनच ही चूक घातक आहे. यावर उपाय म्हणजे आतले नाव ‘जेनसिम’कडून घेणे :

(डेफमॅक्रो रूपांतर (नाव गुणक)
  (लेट ((संख्या (जेनसिम)))
    `(डीफन ,नाव (,संख्या) (* ,संख्या ,गुणक))))

‘जेनसिम’ दर वेळी असे नवे चिन्ह देते की जे दुसऱ्या कोणी लिहिलेले असणे शक्यच नाही. स्कीम या लिस्पच्या शाखेत ही काळजी भाषाच घेते. १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसन आणि ड्युबा यांनी त्याची रीत मांडली. कॉमन लिस्पमध्ये ती जबाबदारी आपली. कोणताही मॅक्रो लिहिल्यावर ‘मॅक्रोएक्स्पांड-१’ने त्याचा विस्तार डोळ्यांखालून घालण्याची सवय लावून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. वरची चूक तेथे एका नजरेत दिसते.

फंक्शन्स आपोआप तयार करणारा, भाषेतच असलेला एक जनक आपण पाहिला नसेल तर अवश्य पाहावा. (डेफस्ट्रक्ट भूखंड लांबी रुंदी) एवढ्या ओळीतून पाच फंक्शन्स तयार होतात : नवा भूखंड करणारे, त्याची प्रत काढणारे, दिलेली वस्तू भूखंड आहे की नाही हे सांगणारे आणि लांबी व रुंदी वाचणारी दोन.

राहिला ‘इव्हॅल’. वापरणारा स्वतः एखादे सूत्र टंकतो आणि त्यातून फंक्शन करायचे असते, तेव्हा संकेतच (कोड) प्रोग्राम चालू असताना हाती येतो. तेथेही ‘लॅम्डा’ची यादी तयार करून ती ‘कंपाइल’कडे द्यावी. ‘इव्हॅल’ आणि ‘कंपाइल’ या दोघांनाही भोवतालची स्थानिक व्हेरिएबल्स दिसत नाहीत, हे विसरू नये. शिवाय परका मजकूर वाचण्यापूर्वी ‘रीड-इव्हॅल’ हे जागतिक व्हेरिएबल ‘निल’ (म्हणजे ‘नाही’) करावे. नाहीतर मजकूर नुसता वाचतानाच त्यात दडवलेला संकेत चालू शकतो. एवढ्यानेही काम संपत नाही. सूत्रात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांखेरीज दुसरे काही आलेले नाही, याची तपासणी यादीवर फिरून आपणच करावी आणि मगच ते कंपाइल करावे.

प्रश्न : केवळ नमुने दिले, उदाहरणार्थ १ ला १०८९ आणि २ ला २१७८, तर त्यांवरून लिस्प स्वतःच फंक्शन शोधून काढू शकेल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मर्यादित अर्थाने, होय. फिलिप समर्स यांनी १९७७ मध्ये नमुन्यांवरून लिस्पची पुनरावर्ती फंक्शन्स रचण्याची पद्धत मांडली. ती याद्यांवरच्या फंक्शन्सपुरती होती. जॉन कोझा यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात वेगळी वाट घेतली : यदृच्छेने शेकडो छोटे प्रोग्राम तयार करायचे, नमुन्यांच्या जवळ जाणारे निवडायचे आणि त्यांच्या फांद्यांची अदलाबदल करायची. लिस्पमध्ये प्रोग्राम म्हणजे यादीत याद्या असलेला वृक्षच असल्याने अशी अदलाबदल केल्यावरही रचना व्याकरणदृष्ट्या शाबूत राहते. शून्याने भागण्याचा प्रसंग येऊन प्रोग्राम बंद पडू नये म्हणून कोझा यांनी अशा भागाकाराचे उत्तर १ धरले होते.

आपल्या दोन नमुन्यांना मात्र १०८९ ने गुणणाऱ्या फंक्शनखेरीज आणखी अगणित फंक्शन्स लागू पडतात. म्हणून काही नमुने शोधापासून दूर ठेवावेत आणि सापडलेले फंक्शन त्यांवर तपासावे.