ग्रुप बाय लावल्यावर तारखेवरून एरर का येतो?

दूध संकलनाच्या टेबलात प्रत्येक सभासदाची सकाळ-संध्याकाळची नोंद आहे, त्यावरून महिन्याचं एकूण दूध काढायचंय, पण एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) ग्रुप बाय, म्हणजे सभासदवार गट, लावून सिलेक्टमध्ये, म्हणजे दाखवायच्या कॉलमांत, तारीख घेतली की एरर येतो, असं तुम्ही विचारलंय. आधी तारीख काढून चालवून बघा:

सिलेक्ट सभासद, सम(लिटर)
फ्रॉम संकलन
ग्रुप बाय सभासद;

समजा 12 नंबरच्या सभासदाच्या 8, 7.5 आणि 8.5 लिटर अशा तीन नोंदी आहेत आणि 15 नंबरच्या 4 आणि 5 अशा दोन. पाच ओळींच्या आता दोनच ओळी होतील: 12 चे 24 लिटर, 15 चे 9. मग 12 च्या त्या एका ओळीत तीनपैकी कोणती तारीख दाखवायची? डेटाबेस तिथेच अडतो. सिलेक्टमधला कॉलम एकतर ग्रुप बायमध्ये हवा, नाहीतर सम, काउंट, मॅक्स अशा एखाद्या फंक्शनच्या आत. शेवटचं दूध कधी घातलं ते हवं असेल तर मॅक्स(तारीख) लिहा. दिवसवार बेरीज हवी असेल तर ग्रुप बाय सभासद, तारीख.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत तारखेसकट ही क्वेरी चालायची आणि कुठलीतरी एक तारीख दाखवायची. 5.7 या आवृत्तीपासून ती मूळ सेटिंगमध्येच अडवली जाते. ही अडवणूक बंद करायची सेटिंग तुम्हाला सापडेल, पण कृपया तिला हात लावू नका. लोकांच्या पैशांचा हिशोब आहे, चुकीच्या आकड्यापेक्षा एरर कधीही बरा.

महिना निवडायला व्हेअर वापरा, ते बेरजेआधी ओळी गाळतं. एकूण 100 लिटरच्या वर गेलेले सभासद हवे असतील तर हॅविंग, ते बेरजेनंतर गाळतं, कारण व्हेअर चालतं तेव्हा बेरीज झालेलीच नसते.

आता तुम्ही शेवटी विचारलेलं: दुधाच्या बेरजेशेजारी सभासदाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, कशी दाखवायची. इथे मात्र फार जपा. उचलीचं टेबल दुधाच्या टेबलाला सभासद नंबरवर थेट जॉइन केलं, म्हणजे जोडलं, आणि 12 नंबरने दोनदा उचल घेतली असेल, तर त्याची दुधाची प्रत्येक ओळ दोनदा येते आणि 24 चे 48 लिटर होतात. एरर काहीच येत नाही. त्यामुळे उचलीची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) ग्रुप बाय सभासद करून आधी काढा, दुधाचीही तशीच, आणि मग त्या दोन बेरजा जोडा. जोडताना दुधाकडून लेफ्ट जॉइन करा, म्हणजे दुधाच्या सगळ्या ओळी राहतील, नाहीतर उचल न घेतलेले सभासद यादीतून गळतील. त्यांची उचल नल, म्हणजे रिकामी, येईल, तिथे 0 दिसावा म्हणून कोअलेस(उचल, 0) लिहा.