सर्वात दुर्लक्षित राहिलेला रॉक गिटारवादक कोण?

माझ्या मते टेरी कॅथ, ‘शिकागो’ या अमेरिकन रॉक बँडचा. आम्ही काही जण रविवारी नौपाड्यात गिटार घेऊन बसतो. तिथे हेन्ड्रिक्स, पेज असे गाजलेले गिटारवादक सगळ्यांना पाठ. कॅथचं नाव काढलं की ‘कोण?’

शिकागो म्हटलं की बहुतेकांना ऐंशीच्या दशकातली हळवी प्रेमगीतंच आठवतात. तोवर कॅथ हयात नव्हता. जानेवारी १९७८ मध्ये, बत्तिसावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, स्वतःच्याच पिस्तुलातली गोळी चुकून लागून तो गेला.

१९७० चं ‘२५ ऑर ६ टू ४’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. पायऱ्या उतराव्यात तशी ती रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), आणि मग सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा. उत्तरार्धात तो वा-वा पेडलवर (गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा वळवणारं पायाचं उपकरण) पाय ठेवतो आणि गिटार अक्षरशः ओरडायला लागते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असलेल्या बँडमध्ये गिटार सहज दबून गेली असती. इथे ती पुढे असते.

पहिल्याच अल्बमवर (१९६९) ‘फ्री फॉर्म गिटार’ आहे : जवळपास सात मिनिटं एकही पेडल न वापरता केलेला फीडबॅकचा (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणाऱ्या किंचाळीचा) कल्लोळ. सगळ्यांना झेपणार नाही, पण त्या काळात हे करायला छाती लागते.

शिवाय तो गायचाही. ‘मेक मी स्माइल’मधला भरदार आवाज त्याचा. सुरुवात मात्र ‘इन्ट्रोडक्शन’ या गाण्यापासून करा, ते त्यानेच लिहिलंय, आणि त्यातला ऱ्हिदम हात (तालात साथ देणारं वादन) सोलोइतकाच ऐकण्यासारखा आहे.