१२ वर्षांखालच्या फुटबॉल संघाचा सराव कसा आखावा? चांगल्या ड्रिल्सची यादी मिळेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी : कोल्हापुरात तालमीच्या (इथे तालमींचे फुटबॉल संघ असतात) लहान मुलांना शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे, मुलं १८, आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास, मैदानाचा अर्धा भाग, चेंडू १०. सहा महिन्यांचं वेळापत्रक आणि वीस-पंचवीस ड्रिल्स हवी आहेत. शेवटी लिहिलंय, "सध्या आधी मैदानाला पळत फेऱ्या, मग ओळीत पासिंग, मग शूटिंग आणि वेळ उरला तर मॅच असं चाललंय." त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

यादी देणार नाही. ड्रिल्स, म्हणजे सरावाचे ठरावीक प्रकार, यूट्यूबवर रग्गड मिळतात आणि घोटाळा तिथेच होतो. प्रशिक्षक आधी ड्रिल निवडतो आणि ते कशासाठी करायचं हे नंतर शोधतो. क्रम उलटा पाहिजे.

आधी ओळीचा हिशेब. १८ मुलं एका गोलसमोर उभी केली आणि एका शॉटला १० सेकंद धरले, तर एकाची पाळी तीन मिनिटांनी येते. वीस मिनिटांत प्रत्येकाला सहा-सात शॉट. उरलेला वेळ तो पुढच्याचा शर्ट ओढत उभा असतो. त्या सहा-सात शॉटमध्येही अंगावर बचावपटू येत नाही, आणि चेंडू कुठून, कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. मॅचमध्ये असा शॉट मिळत नाही, म्हणून सरावात दहापैकी आठ मारणारा मुलगा रविवारी चेंडू स्टेडियमबाहेर घालवतो.

फेऱ्यांवरून माझा एका जुन्या, जाणत्या प्रशिक्षकांशी अनेक वर्षांचा वाद आहे. आधी दम वाढवा, शिस्त लावा, खेळ आपोआप येतो, हे त्यांचं म्हणणं. मला ते साफ चुकीचं वाटतं. फुटबॉलमध्ये मुलगा एका वेगात गोल पळत नाही. पाच-दहा मीटर जोरात जातो, थांबतो, वळतो, परत जातो. रोज २० मिनिटं फेऱ्या म्हणजे आठवड्यातल्या २७० मिनिटांतली ६० मिनिटं चेंडूविना गेली, पाचव्या हिश्श्याहून जास्त. वर शिकायच्या वेळी पाय आधीच थकलेले. ११ वर्षांच्या पोराचा दम ३ विरुद्ध ३ च्या खेळात जेवढा निघतो तेवढा कुठल्याही फेरीत निघत नाही, आणि तिथे तो तक्रारही करत नाही.

आता नियोजन. रविवारच्या मॅचमध्ये एकच दोष शोधा, जो तीन-चार मुलांत वारंवार दिसतो. कोल्हापुरात तो बहुतेक ठिकाणी हाच असतो : मधल्या फळीतला मुलगा स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेतो आणि मागे कोण आहे हे न बघता आल्या वाटेनं परत मारतो, नाहीतर उंच उडवतो. लांब किकला टाळ्या पडतात, त्यामुळे दोष कुणाला दिसतच नाही. अनिकेत जाधवसारखा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला मुलगा देणाऱ्या गावात वळून खेळणारे मिडफिल्डर इतके कमी का, याचं उत्तर माझ्या मते ओळीतल्या पासिंगमध्ये आहे. तर विषय ठरला : चेंडू येण्याआधी मागं बघणं आणि वळता येईल असं उभं राहून तो घेणं. नव्वदही मिनिटं हाच विषय.

मुलं यायच्या आधी पूर्ण मांडणी करून ठेवा. ३० बाय २० मीटरची दोन छोटी मैदानं शेजारी शेजारी, मध्ये पाच मीटर मोकळे. दोन्हींना कवेत घेणारा ६० बाय ४० चा चौकोन वेगळ्या रंगाच्या मार्करनं (जमिनीवर ठेवायच्या प्लास्टिकच्या खुणा), शेवटच्या मॅचसाठी. हे सगळं अर्ध्या मैदानात बसतं. मध्येच मार्कर हलवत बसलात की दर वेळी चार-पाच मिनिटं जातात आणि मुलं सुटतात ती वेगळीच.

पहिली १५ मिनिटं जोड्या : नऊ जोड्या, नऊ चेंडू. दोन्ही मैदानांत मिळून १२ दरवाजे (दोन मार्करमधली मोकळी जागा), प्रत्येक दीड मीटर रुंद. एका मिनिटात किती दरवाज्यांतून जोडीदाराला पास गेला ते मोजायचं, एकच दरवाजा लागोपाठ दोनदा चालत नाही. म्हणजे रिकामा दरवाजा शोधायला मान वर करावीच लागते. दोन फेऱ्यांच्या मध्ये अंग मोकळं करणं : एका पायावर तोल, लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं), बाजूला उडी मारून स्थिर उतरणं. फिफाच्या '११+ किड्स'मधले व्यायाम यासाठी उत्तम आहेत. उभं राहून पाय ताणत बसण्याची गरज नाही.

पुढची २० मिनिटं तिघांचं काम. सहा गट, एका छोट्या मैदानात तीन, मैदानाच्या रुंदीत आडवे. एका टोकाला अ, दुसऱ्या टोकाला ब, मध्ये मधला, अ आणि ब दोघांपासून आठ-आठ मीटरवर. अ पास देतो. अ चा पाय चेंडूला लागताच ब नं ठरवायचं : मधल्याच्या अंगावर धावून जायचं की जागेवर थांबायचं. ब आला तर मधला चेंडू अ ला परत देतो आणि ब आपल्या खुणेवर परत जातो. ब थांबला तर मधला वळून ब ला पास देतो आणि तेच उलट्या बाजूनं सुरू होतं, आता अंगावर यायचं की नाही हे अ ठरवणार. ९० सेकंदांनी मधला बदलायचा. तिघांची एक फेरी म्हणजे साडेचार मिनिटं. अशा तीन फेऱ्या, मध्ये पाणी, उरलेला वेळ समजावण्यात जातोच.

इथे काय बिघडतं ते नीट लिहितो, कारण ड्रिल कागदावर सगळ्यांचंच चालतं.

मुलं मान वळवतात पण बघत नाहीत. तुम्ही सांगितलं म्हणून एक झटका देतात. यावर पुष्कळ जण मागच्याला बोटं दाखवायला लावतात आणि मधल्यानं आकडा ओरडायचा. ते मला पटत नाही. आकडा दिसला म्हणून मुलाला काहीच ठरवावं लागत नाही. ब खरोखर अंगावर आला आणि चेंडू गेला की पोरगं पुढच्या वेळी आपणहून बघतं.

बघायची वेळ चुकते. एकदा बघायचं अ पास मारायच्या आधी, मागचा किती लांब आहे ते कळायला. दुसऱ्यांदा चेंडू वाटेत असताना, तो निघाला का हे कळायला. मग नजर चेंडूवर. आठ मीटरच्या पासला साधारण एक सेकंद मिळतो, तेवढ्यात छोटी नजर होते. मुलं दुसऱ्यांदा फार उशिरा बघतात आणि चेंडू पायाखालून जातो. तसं होत असेल तर अंतर दहा मीटर करा, सूचना वाढवू नका.

उभं राहणं चुकतं. छाती पूर्ण अ कडे असेल तर वळायला तीन टच लागतात. एक खांदा अ कडे, दुसरा ब कडे, गुडघे सैल. वळायचं असेल तर चेंडू अंगासमोरून जाऊ द्यायचा आणि अ पासून लांब असलेल्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा. अंगावर माणूस असेल तर अ च्या जवळच्या पायानं एका टचमध्ये परत. दोन निर्णय, दोन वेगळे पाय. मुलाला हे तोंडी सांगण्याआधी स्वतः दोनदा करून दाखवा.

आणि निम्म्या वेळा दोष मधल्याचा नसतोच, पास देणाऱ्याचा असतो. हळू पास आला की ब पोचतो आणि मधला उगाच बोलणी खातो. पास जोरात, जमिनीवर, लांबच्या पायावर पाहिजे. खडबडीत मैदानावर चेंडू टणाटण उडत असेल तर हवा थोडी कमी करा, अंगठ्यानं दाबल्यावर जरा दबला पाहिजे. या वयाला चार नंबरचाच चेंडू वापरा. चिखल असेल तर अंतर सहा मीटर.

हे बघणं म्हणजे माझं खूळ नाही. नॉर्वेचे क्रीडा-संशोधक गायर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात, चेंडू येण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरले होते, आणि त्यात इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड अग्रभागी होता.

तिसरा भाग २० मिनिटांचा आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. प्रत्येक छोट्या मैदानात नऊ मुलं : मध्ये ३ विरुद्ध ३ आणि एक जोकर, जो चेंडू असलेल्या संघाकडून खेळतो. दोन्ही टोकांना चार मीटरची पट्टी आणि तिथे एकेक मुलगा. एका टोकाच्या मुलाकडून चेंडू मधून दुसऱ्या टोकाच्या मुलाकडे पोचवला की गुण. गुण मिळाल्यावरही चेंडू त्याच संघाचा, आता दिशा उलटी. मध्ये कुणी स्वतः वळून पुढे पास दिला तर दोन गुण, मागे देऊन दुसऱ्यानं पोचवला तर एक. दोन गुणांच्या लोभानं अंगावर माणूस असताना वळणारी पोरं निघतील. ती चेंडू घालवतील आणि शिकतील, लगेच ओरडू नका. तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, टोकाची मुलं आणि जोकर बदला. जादा चेंडू दोन्ही टोकांना ठेवा, बाहेर गेलेल्याच्या मागे कुणी धावायचं नाही.

मुलं कधीच बरोबर १८ येत नाहीत, त्यामुळे हे पाठ करा : जोकर काढला की मैदान आठ जणांचं होतं, जोकर ठेवून ३ ऐवजी २ विरुद्ध २ केलं की सात जणांचं. १४ पासून १८ पर्यंत कितीही येऊ देत, दोन मैदानं भरतात. मधली मुलं सारखीच अडकत असतील तर दुसरा जोकर द्या. फार सहज जमत असेल तर रुंदी तीन मीटरनं कमी करा. दहापैकी सहा-सात वेळा जमतंय अशी अवस्था हवी. सगळं जमतंय म्हणजे काहीच शिकत नाहीत.

शेवटची २५ मिनिटं ९ विरुद्ध ९, गोलकीपरसह, ६० बाय ४० वर. खास नियम नाहीत. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा आणि गप्प बसा. खेळ जास्तीत जास्त तीनदा थांबवा, तेही आजच्या विषयापुरतं, आणि वीस सेकंदांत परत सुरू करा. ऑफसाइड, थ्रो-इन, टॅकल यांवर आज एक शब्द नाही. हेच सगळ्यांत अवघड जातं. तुम्हाला इतर दहा चुका दिसणारच. वहीत लिहा, त्यातून पुढचे विषय निघतात. वेळ संपली म्हणून ही मॅच कापायची नाही, कापायचीच तर पहिली पंधरा मिनिटं कापा.

सहा महिन्यांचं वेळापत्रक तारीखवार करू नका. सहा विषय घ्या : घेणं-वळणं, चेंडूसह एकास एक, बचावात एकास एक, दोघांची जुळवाजुळव, गोल मारणं, चेंडू गेल्यावर पहिली पाच सेकंदं. प्रत्येकी दोन आठवडे, मग परत पहिल्यापासून, थोडं अवघड करून. २४ आठवडे भरतात. मॅचच्या आदल्या दिवशी हलकं ठेवा.

तुमच्या तालमीतही कुणी ज्येष्ठ म्हणणारच, "पोरांना पळवत नाही, नुसती खेळवतोय." वाद घालू नका. त्यांच्या हातात घड्याळ द्या आणि संघातला सगळ्यांत कच्चा मुलगा दाखवा. ओळीतल्या पासिंगमध्ये दहा मिनिटांत त्याचे टच किती, आणि ३ विरुद्ध ३ मध्ये दहा मिनिटांत किती, त्यांनाच मोजू दे. हुशार मुलाचे मोजू नका, तो कुठेही चेंडू मिळवतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. हे सगळं लहान मुलांबद्दल आहे. मोठ्या संघाला हंगामाआधी वेगळं पळवावं लागतं, ते मलाही मान्य आहे, फक्त तिथेही गोल फेऱ्यांपेक्षा छोट्या जोरकस धावा बऱ्या. बचावपटूविना केलेला सराव अगदीच वाया जातो असं नाही. भिंतीवर पासिंग, जगलिंग (चेंडू खाली न पडू देता पायानं उडवत राहणं) घरी करायला सांगा, मैदानावरचा वेळ त्यात घालवू नका. गोलकीपरचा वेगळा सराव यात नाही, त्यासाठी दुसरा माणूस लागतो. आणि हेडिंगची (डोक्यानं चेंडू मारण्याची) ड्रिल्स या वयाला घेऊ नका. अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं. १२ च्या आसपासच्या मुलांना शिकवायचंच तर हलका चेंडू हातानं टाकून, महिन्यातून एखाद्या वेळी, मोजके.