आपले प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाची ३११ क्रमांकाची स्क्वाड्रन चेकोस्लोव्हाक वैमानिकांची होती. बॉम्बफेकीसाठी उभारलेल्या या स्क्वाड्रनला समुद्री गस्तीवर का धाडले? आणि बुडी मारलेली पाणबुडी विमानातून टिपत कशी? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अडचण माणसांची होती. मार्च १९३९ मध्ये जर्मनांनी प्राग घेतल्यावर हे लोक पोलंडमार्गे फ्रान्सला निसटले आणि फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला पोहोचले. २९ जुलै १९४० रोजी इंग्लंडमधल्या होनिंग्टन विमानतळावर स्क्वाड्रन उभी राहिली. विमाने वेलिंग्टन जातीची बॉम्बफेकी, प्रत्येकात सहा जण. एक विमान पडले की सहा तयार माणसे एकदम जात. मायदेश शत्रूच्या ताब्यात, मग नवी भरती येणार कुठून? शेवटी एप्रिल १९४२ मध्ये स्क्वाड्रन कोस्टल कमांडकडे, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या समुद्री गस्तीच्या शाखेकडे गेली. तिथेही जीव स्वस्तच होता. फ्रान्सच्या पश्चिमेच्या बिस्केच्या उपसागरावर जर्मनांची युंकर्स ८८ विमाने दबा धरून असत.

आता पाणबुडीचे. खरे तर ती पाण्यावर असतानाच, किंवा नुकती बुडी मारताना गाठावी लागे. विमान दिसताच ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाण्याखाली जाई. सुमारे ५० फुटांवरून २५० पौंडी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, ओळीने टाकत. डेप्थ चार्ज ठरलेल्या खोलीवर पोहोचला की तिथल्या पाण्याच्या दाबाने फुटतो. सुरुवातीला ही पातळी १०० फूट वा त्याहून खोल ठेवत, आणि तिथेच घोटाळा होई. स्फोटाचा मारक पल्ला जेमतेम २० फूट, त्यामुळे वरच असलेली पाणबुडी सुखरूप सुटे. जी १०० फूट खाली गेली ती नेमकी कुठे आहे हेच कळत नसे. म्हणून पातळी २५ फुटांवर आणली आणि बुडवलेल्या पाणबुड्यांचे प्रमाण चांगलेच वाढले. विमान तेच, बॉम्ब तोच, फक्त फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळीची, पातळी बदलली!

१९४३ मध्ये स्क्वाड्रनला चार इंजिनांची लिबरेटर विमाने मिळाली. २७ डिसेंबर १९४३ रोजी ओल्द्रिख दोलेझाल यांच्या लिबरेटरने दोस्तांची सागरी नाकेबंदी चुकवून येणारे जर्मन मालवाहू जहाज ‘आल्स्टरउफर’ रॉकेट आणि बॉम्बने बुडवले. त्याला आणायला निघालेल्या जर्मन विनाशिका मोकळ्या हातांनी परतत असताना दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश क्रूझरांनी त्यांना गाठले आणि तीन नौका बुडवल्या.

लिबरेटर आपल्याकडेही होती. भारतीय वायुदलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली आणि १९६८ मध्ये निवृत्त केली.