क्लच झिजतो तो अर्धवट दाबलेल्या पायाखाली

प्रश्न : रविवारी सिंहगडाच्या घाटात रांग लागली असताना मी ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली. थोड्याच वेळात जळका वास आला. क्लच प्लेट गेली का? (धायरी)

उत्तर : एकदा वास आला म्हणजे प्लेट गेलीच असे नाही, मात्र तिचे आयुष्य नक्की कमी झाले. पेडल पूर्ण सोडलेले असताना प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे घर्षण होत नाही. पूर्ण दाबलेले असताना प्लेटवरचा दाब निघून जातो. झीज होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत. दहा मीटरला एक मीटर चढ असलेल्या रस्त्यावर बाराशे किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये अशी तोलून धरायला क्लचमधून सुमारे 25 न्यूटन-मीटर इतका पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) जावा लागतो. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर जवळजवळ 4 किलोवॅट शक्ती निव्वळ उष्णता होऊन त्या पातळ प्लेटमध्ये शिरते. घरातले दोन गिझर एकदम चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता आहे. गाडी जागेवरच असल्यामुळे या शक्तीचा एक कणही चढण्याच्या कामी येत नाही. अनेक जण ही कसरत कौशल्याची खूण मानतात; माझ्या मते घाटात याहून महाग सवय दुसरी नाही. थांबल्यावर हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रल करावी आणि पाय पेडलवरून काढावा. निघताना पहिला गिअर टाकून, इंजिनाचा आवाज किंचित जड होईपर्यंत क्लच सोडावा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा आणि मगच हँडब्रेक खाली करावा; गाडी मागे सरकत नाही.

प्रश्न : विद्यापीठ चौकातल्या गर्दीत डावा पाय सतत क्लचवर टेकलेला असतो. पेडल दाबत नाही, नुसता टेकवतो. (औंध)

उत्तर : पायाच्या नुसत्या वजनानेही रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या भागावर) भार येतो आणि प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या चकतीची) पकड थोडी सैल होऊ शकते. क्लच वापरायचा नसेल तेव्हा पाय डाव्या बाजूच्या फूटरेस्टवर ठेवावा.

प्रश्न : दिवे घाट उतरताना वडील गाडी न्यूट्रल करतात. क्लच आणि पेट्रोल दोन्ही वाचते असे त्यांचे म्हणणे आहे. (सासवड)

उत्तर : वडिलांना आदरपूर्वक सांगावे की यात दोन्हींपैकी काहीच वाचत नाही. गिअर पडलेला आणि पाय पेडलवरून काढलेला असेल, तर उतारावर क्लच घासतच नाही. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सहसा इंधनपुरवठा तात्पुरता बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच उतरावे. क्लच दाबून ठेवून उतरणे हेही तितकेच घातक आहे.

प्रश्न : पहिला गिअर लगेच बदलावा लागतो, म्हणून मी सपाट रस्त्यावर थेट दुसऱ्या गिअरमध्ये निघतो. (कोथरूड)

उत्तर : हे सोडावे. दुसऱ्या गिअरमध्ये प्लेट आणि इंजिन यांचा वेग जुळेपर्यंत गाडीला जास्त वेग घ्यावा लागतो, त्यामुळे क्लच अधिक वेळ घसरतो आणि उष्णता साधारण तिप्पट होते. इंजिन फार रेटून निघण्याचेही असेच आहे : निघताना फेरे दुप्पट ठेवले, तर उष्णता सुमारे चौपट होते.

प्रश्न : क्लच बदलायची वेळ आली हे कसे ओळखावे? (हडपसर)

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झपकन वाढले आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलून घ्यावे, कारण त्यातला एक भाग काढायलाही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळसर डाग आहेत का, हे गिअरबॉक्स खाली असतानाच मेकॅनिकला दाखवायला सांगावे.